ठोकल्यावर काय करायचं, हे शिकवलं कोणी?

मंडळी, २०२४ सालच्या जानेवारीची १ आणि २ तारीख आठवते का? नागपूरपासून मुंबईपर्यंत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. टँकरचे आणि ट्रकचे ड्रायव्हर गाड्या उभ्या करून बसले होते. कारण होतं नव्या भारतीय न्याय संहितेतलं एक पोटकलम, १०६(२). निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला, तर ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत कैद.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सरळ दोन गट पडले होते. एक गट म्हणे, "बरोबरच आहे. माणूस उडवतात आणि पळतात." दुसरा म्हणे, "थांबून काय करतील? लोक जिवंत सोडतात का?" गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं खरं होतं. २०२२ ह्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली ३० हजारांहून अधिक अशा अपघातांत, जिथे धडक देणारा थांबलाच नाही. दुसरीकडे, थांबलेल्या ड्रायव्हरला जमावाने तुडवल्याच्या बातम्याही आपण सगळेच वाचतो.

पण ह्या भांडणात एक तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ठोकल्यावर काय करायचं असतं, हे ह्या माणसाला शिकवलं कोणी? कधी? आणि कुठे?

गेले काही वीकेंड मी ह्याच प्रश्नाच्या मागे लागून जुने कायदे वाचत बसलोय. (हो, सिनेमा सोडून. मित्रांनी नाद सोडलाय माझा.) त्यातून जो इतिहास दिसला तो थोडक्यात असा: आधी जबाबदारी आली, मग शिक्षा आली, आणि शिक्षण सगळ्यात शेवटी, तेही रांगत रांगत. मी मूळचा भंडाऱ्याचा, त्यामुळे हा इतिहास तिथल्या रस्त्यावरूनच सांगतो. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मी मोठ्या अपघातांबद्दल फार बोलणार नाहीये. ते पेपरात येतात, त्यावर चर्चा होते. मला बोलायचंय ते लहान अपघाताबद्दल. कुणाच्या स्कूटरला धक्का लागला, पोरगा पडला, गुडघा फुटला. कुणाच्या बंडीचं चाक मोडलं. रिव्हर्स घेताना हौद्याचा कोपरा भिंतीला लागला. नव्या ड्रायव्हरचा पहिला अपघात बहुतेक वेळा असाच असतो. आणि माझं म्हणणं असं की तो पुढे कसला ड्रायव्हर होणार, हे ह्या पहिल्या लहान अपघातानंतरच्या तासाभरात ठरतं.

तर रस्ता. नागपूरहून पूर्वेला निघालं की साधारण ६० किलोमीटरवर वैनगंगा लागते आणि भंडारा येतं. पुढे लाखनी, साकोली, मग देवरी आणि छत्तीसगड. इंग्रजांच्या काळात ह्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. नंतर तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीत ५३. आमच्या घरी अजूनही सगळे "सहा नंबर"च म्हणतात. १८८० च्या दशकात रेल्वे आली, बंगाल नागपूर रेल्वेचं भंडारा रोड स्टेशन वरठीला झालं, आणि लांबचा माल आगगाडीवर गेला. जवळचा माल मात्र बंडीवरच राहिला. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात.

आता बंडीवाल्याचं ट्रेनिंग बघा. तो पोरगा चालायला लागला तेव्हापासून बापाच्या बाजूला बसलेला. बैलांना वाट पाठ, त्यामुळे हाकणारा पेंगला तरी बंडी घरी पोचायची. आणि दोन बंड्या एकमेकींना घासल्या तर? दोघंही पंचक्रोशीतले. हा कोणाचा पोरगा, ती बंडी कोणाची, हे सगळ्यांना माहीत. तिथल्या तिथे भांडण, नाहीतर गावात बसून तोड. "तुझं नाव काय, मालकाचा पत्ता काय" असं विचारायची वेळच येत नव्हती.

मोटार आली आणि हेच बदललं. ठोकणारा आता अनोळखी होता, वेगात होता आणि पाच मिनिटांत पुढच्या तालुक्यात पोचणार होता. म्हणून मोटारीच्या कायद्यातल्या अगदी सुरुवातीच्या नियमांत एक नियम असा होता: अपघात झाला की थांब, आणि विचारलं तर स्वतःचं आणि मालकाचं नाव-पत्ता दे. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कायद्यात तो आहे. आणि त्याच कायद्यातली दुसरी मजा म्हणजे लायसन! पाच शिलिंग भरले की लायसन मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली १ जून १९३५ ला. म्हणजे "ठोकलंस तर थांब" हे सांगितल्यावर "आधी चालवता येतं का दाखव" म्हणायला साहेबाला ३२ वर्षं लागली.

आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा आला, मग १९३९ चा. १९३९ च्या कायद्याने चालवण्याच्या कसोटीचं एक परिशिष्टच दिलं. आणि कलम ८७ मध्ये लिहिलं की गाडीमुळे माणसाला, जनावराला, दुसऱ्या गाडीला अपघात झाला किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर थांबायचं, चूक तुझी असो वा नसो. हे शेवटचं मला फार आवडलं. थांबणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे कायद्याने १९३९ मध्येच सांगून ठेवलंय. पण हे ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचवायचं कोणी, त्याची सोय त्या कायद्यात नव्हती.

मग आलं दुसरं महायुद्ध. लष्कराने गाड्या आणल्या, हजारो शेतकऱ्यांच्या पोरांना गाडी चालवायला शिकवलं. युद्ध संपलं तशा त्या गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या आणि ती शिकलेली पोरं घरी परतली. आपल्या मालवाहतुकीच्या धंद्याचा पाया बऱ्याच अंशी ह्या लष्करी उरलेल्या मालावर उभा आहे. पुढे १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या साथीने ट्रक बनवायला सुरुवात केली. गाड्या वाढल्या, पण लष्करासारखी शिकवणारी व्यवस्था काही वाढली नाही. तिची जागा घेतली उस्तादाने.

उस्ताद आणि क्लीनर. ही आपल्या देशातली ट्रक ड्रायव्हिंगची सगळ्यात मोठी शाळा. फी नाही, इमारत नाही, सर्टिफिकेट नाही. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा घरातून निघतो किंवा पळतो आणि एखाद्या गाडीवर क्लीनर म्हणून लागतो. काच पुसायची, ताडपत्री बांधायची, चाकामागे दगड लावायचा, स्टेपनी बदलायला हात द्यायचा, रिव्हर्सला मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं. दोन-तीन वर्षांनी उस्तादाची मर्जी असेल तर रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात. आणखी काही वर्षांनी एजंटच्या ओळखीने लायसन.

ह्या शाळेला नाकं मुरडू नका बरं का. तिथे जे शिकवलं जायचं ते कुठल्याही पुस्तकात नाही. टायरवर पान्हा मारून आवाजावरून हवा ओळखणं, घाटात कुठला गिअर, माल कसा रचला की गाडी कलंडत नाही, समोरच्याच्या दिव्यांवरून तो झोपेत आहे का ते कळणं. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं हाताने शिकवलं असतं तर बरं झालं असतं :)

पण ह्या शाळेचे दोन दोष होते. एक, उस्तादाची खोड शिष्याला जशीच्या तशी लागायची. उस्ताद उलट्या बाजूने घालत असेल तर शिष्यही घालणार. दुसरा दोष माझ्या विषयाचा. अपघातानंतर काय करायचं ह्याचा धडा तिथे होता, पण तो कायद्याचा नव्हता, रस्त्याचा होता. आमच्या गल्लीत एक काका आहेत, आता निवृत्त. तीस वर्षं रायपूर-नागपूर-मुंबई केलेलं. मी त्यांना विचारलं, "काका, ठोकल्यावर काय करायचं ते तुमच्या उस्तादांनी शिकवलं होतं का?"

"शिकवलं नं बाबू," काका म्हणाले. "म्हणे, पयले आरशात पाह्य. लोकं जमून रायले असन तं थांबू नको, सीधा ठाण्यावर जाय, तिथं गाडी लाव."

"आणि कोणीच नसेल तर?"

काका जरा वेळ गप्प बसले. "मंग तुझा देव तुझ्यासंग."

मला ह्या एका वाक्यात सगळा इतिहास दिसला. जमाव असेल तर काय करायचं ह्याला उत्तर होतं, आणि ते तसं वाईटही नव्हतं. पण रस्त्यावर पडलेला एकटा माणूस आणि कोणी बघत नसताना थांबलेला ड्रायव्हर, ह्या प्रसंगाला धडाच नव्हता. तिथे सगळं त्या पोराच्या मनावर.

बरं, कायद्याने कामाच्या तासांचा तरी विचार केला का? केला. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. वाचायला छानच. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आता तुमसर-साकोलीचा ट्रकमालक डोळ्यासमोर आणा. एक गाडी, फार तर दोन. एक ड्रायव्हर, एक क्लीनर. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त, तेच बाहेर. (हा कायदा आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये विलीन झालाय.)

त्याच १९६१ साली आणखी एक गोष्ट झाली. नागपूरकडची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस राज्याच्या एसटी महामंडळात मिसळली आणि आमच्या भागात लाल गाडी आली. एसटीची तुलना इथे मुद्दाम करतोय. रस्ता तोच, खड्डे तेच, समोर येणारी म्हैसही तीच. पण एसटीच्या ड्रायव्हरला भरतीनंतर ट्रेनिंग असतं, त्याच्या मागे डेपो असतो. गाडी घासली तरी रिपोर्ट लिहावा लागतो, चौकशी होते, कधी शिक्षा होते, कधी पुन्हा उजळणी प्रशिक्षणाला पाठवतात. आणि २५ वर्षं विनाअपघात गाडी चालवलेल्या ड्रायव्हरांचा सत्कार होतो. एसटीचे अपघात होत नाहीत असं मुळीच नाही. पण एसटीचा ड्रायव्हर सहसा पळत नाही. तो जास्त पापभीरू आहे म्हणून नव्हे, तर त्याला थांबणं परवडतं म्हणून. त्याची नोकरी, त्याचं नाव, त्याचा डेपो सगळं गाडीवरच लिहिलेलं असतं. ट्रकवाल्याच्या मागे काय असतं? मालकाचा मोबाईल नंबर. तोही उचलला तर.

मग १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू. आजही हाच कायदा आहे, मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यात नव्या ड्रायव्हरसाठी दोन अटी आहेत: मालवाहू गाडीला वय किमान २०, आणि त्याचं कच्चं लायसन मिळवायला आधी वर्षभर हलक्या गाडीचं पक्कं लायसन. आणि कलम १३४ सांगतं की अपघातात कोणी जखमी झालं तर त्याला डॉक्टरकडे पोचवायची सगळी वाजवी खटपट करायची, पोलिसांनी विचारलेली माहिती द्यायची, आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. पण ह्या कलमात एक अपवाद आहे. जमावाच्या संतापामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे शक्य नसेल तर डॉक्टरकडे नेण्यातून सूट.

जरा थांबून विचार करा. आपल्या संसदेने कायद्यातच छापून ठेवलंय की लोक मारतील. म्हणजे कँटीनमधल्या दुसऱ्या गटाचं म्हणणं कायद्याला १९८८ पासून मान्य आहे! पण सूट मिळते ती जखमीला नेण्यातून, ठाण्यात कळवण्यातून नव्हे. जमाव असेल तर निघ, पण सरळ ठाण्यात जा. काकांच्या उस्तादाने शिकवलं ते ह्याच्याशी किती जुळतं बघा. त्या उस्तादाने कायदा वाचला असेल असं मला वाटत नाही. फरक इतकाच की कायद्यात रिकाम्या रस्त्यासाठीही उत्तर आहे. थांब, उचल, दवाखान्यात ने.

आता भंडाऱ्याचा आजचा नवा ड्रायव्हर घेऊ. एमएच-३६ नंबरची गाडी. वय बावीस. तुमसरकडून तांदूळ, चिखला-डोंगरी बुजुर्गकडून मँगनीज, नाहीतर वैनगंगेच्या घाटावरून वाळू. वाळूच्या टिप्परचा हिशोब खेपेवर असतो, म्हणजे जितका हळू तितका गरीब. तर हा पोरगा लाखनीजवळ वळण घेतो आणि एका स्कूटरला मागचा कोपरा लागतो. माणूस पडतो, खरचटतं, हँडल वाकडं होतं. जीव गेला नाही, हाड मोडलं नाही. लहान अपघात. पुढच्या एका तासात त्याला तीन मास्तर भेटतात.

पहिला मास्तर जमाव. तो शिकवतो की थांबलास तर मार बसतो. दुसरा मास्तर मध्यस्थ, जो प्रत्येक चौकात असतोच. तो शिकवतो की हजार-दोन हजार टेकवले की मिटतं, कागद करायची गरज नाही. तिसरा मास्तर मालक. तो फोनवर आधी विचारतो, "गाडीला काही झालं का?" आणि मग दुरुस्तीचे पैसे पगारातून कापतो. विम्याचा दावा करायचा तर हप्त्यातली सूट जाते, म्हणून लहान नुकसानीला दावाही नाही. म्हणजे ठाण्यात नोंद नाही, विम्याकडे नोंद नाही, मालकाकडे वहीत कापलेल्या पैशाशिवाय नोंद नाही. पोरगा तासाभरात तीन गोष्टी शिकला: थांबू नये, लिहू नये, सांगू नये. पाच वर्षांनी ह्याच पोराच्या गाडीखाली रात्री दोन वाजता कोणी आलं तर तो काय करेल असं तुम्हाला वाटतं? तेव्हा कलमं आठवतील का पहिला धडा?

आता थोडं आमच्या धंद्याचं. सॉफ्टवेअरमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी प्रॉडक्शन सर्व्हरची चावी देत नाहीत. आणि सिस्टिम पडली की, निदान बऱ्या कंपन्यांत, नंतर एक मीटिंग होते. कोणी केलं हे बाजूला ठेवून कसं झालं ते लिहितात. नियम एकच, लपवायचं नाही. लहान घोळ सांगणाऱ्याला शिक्षा केली की पुढच्या वेळी लोक मोठा घोळ लपवतात, हे आम्ही पैसे घालवून शिकलोय. आमचा सर्व्हर पडला तर कुणाचं तिकीट बुक होत नाही. तिथे माणूस मरतो. आणि तिथे ही मीटिंग नाही.

"पण ड्रायव्हिंग स्कूल असतात ना?" असतात. १९८९ च्या केंद्रीय नियमांत त्यांचा अभ्यासक्रमही आहे आणि त्यात प्रथमोपचार आहे, चालकाची कर्तव्यं आहेत. पण अवजड गाडीचे किती ड्रायव्हर तिथून आले आणि किती उस्तादाकडून, हे कुठल्याही ढाब्यावर विचारून बघा. २०२१ च्या १ जुलैपासून नवे नियम आले: मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं, सिम्युलेटर, टेस्ट ट्रॅक, आणि मध्यम-अवजड गाडीसाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम. तिथून पास झालं तर आरटीओत वेगळी टेस्ट नाही. पाऊल चांगलंच आहे.

पण ३८ तास म्हणजे किती? युरोपियन युनियनने २००३ मध्ये व्यावसायिक ड्रायव्हरसाठी एक निर्देश काढला. ट्रकवाल्यांसाठी तो २००९ पासून लागू झाला. तिथे प्रशिक्षणाच्या मार्गाने येणाऱ्याला २८० तास, घाईच्या मार्गाने १४० तास, आणि नंतर दर ५ वर्षांनी ३५ तास उजळणी. आकड्यांपेक्षा मला त्यांच्या अभ्यासक्रमातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटला. आणीबाणीत कसं वागायचं: परिस्थिती जोखणं, अपघात वाढू न देणं, मदत बोलावणं, जखमीला प्रथमोपचार, आणि अपघाताचा अहवाल कसा लिहायचा त्याची मूलतत्त्वं. अहवाल लिहायला शिकवतात, मंडळी! लहान अपघाताला घाबरायचं नसतं, तो लिहायचा असतो, हे ड्रायव्हरला पहिल्याच वर्षी कळतं.

आपल्याकडे दरम्यान काय झालं? २०१९ मध्ये मालवाहू गाडीच्या लायसनसाठी असलेली आठवी पासची अट काढली. मला त्यात वावगं वाटत नाही. न शिकलेला माणूस उत्तम ड्रायव्हर असू शकतो आणि त्याला काम मिळायला हवं. पण मग शिकवण्याची जबाबदारी दुप्पट होते, ती कोणी उचलली? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या गाडीच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती आणि त्याच्या मोठ्या भावंडांना वेगळी परवानगी लागत नाही. अशा लायसनवाल्यांमुळे अपघात वाढतात असं दाखवणारी ठोस आकडेवारी कोणी समोर ठेवली नाही, हेही कोर्टाने नोंदवलं. ठेवणार कुठून? लहान अपघात आपण लिहितोच कुठे!

आणि ती जुनी शाळा? तीही बंद पडत चाललीय. नव्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग, टायर ट्यूबलेस, क्लीनरचा खर्च मालकाला नको. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी संप केला तेव्हा अवजड गाड्यांवरची क्लीनरची सक्ती काढा, ही त्यांच्या मागण्यांतली एक होती. धंद्याच्या हिशोबाने बरोबर असेल. शिवाय चौदा वर्षांच्या पोराने क्लीनर होऊ नये हे शंभर टक्के मान्य. पण डावीकडची ती सीट रिकामी झाली की उस्तादाची शाळा संपली, आणि तिच्या जागी येणारी शाळा अजून प्रत्येक तालुक्यात पोचलेली नाही. आज गाडीत एकटा बसलेला बावीस वर्षांचा पोरगा हा कदाचित आपल्या इतिहासातला सगळ्यात कमी शिकवलेला ड्रायव्हर आहे. बापाच्या बाजूला बसलेला बंडीवाला नाही, लष्कराने घडवलेला जवान नाही, उस्तादाचा क्लीनर नाही, एसटीचा उमेदवारही नाही.

शिक्षेचा आलेख मात्र वरच जातोय. भारतीय दंड संहितेत कलम ३०४-अ आलं १८७० मध्ये, निष्काळजीपणे मृत्यूला २ वर्षांपर्यंत कैद. नव्या संहितेत साधारणपणे ५ वर्षांपर्यंत, आणि पळालास तर १०. संपानंतर सरकारने हे शेवटचं पोटकलम चर्चेशिवाय लागू करणार नाही असं सांगितलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती ते तेवढं वगळून. पळणाऱ्याला शिक्षा नको असं मी म्हणत नाहीये. रस्त्यावर पडलेला माणूस कुणाचा तरी बाप असतो. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यात सुवर्णकाळ म्हणून नाव दिलं, आणि त्या तासात जखमीच्या सगळ्यात जवळ असतो तो ठोकणारा ड्रायव्हरच. जीव वाचवू शकणारा पहिला माणूस तोच असतो. त्याला पळवून लावणं हे समाज म्हणून आपल्यालाच महाग पडतं.

मग काय करायचं? मोठ्या योजना सरकार करेल तेव्हा करेल. मला तीन लहान गोष्टी सुचतात. एक, प्रत्येक केबिनमध्ये मराठी-हिंदीत एक पान चिकटवा: थांब, दिवे लाव, १०८ ला फोन, जमाव असेल तर ठाणं, मालकाला कळव. वाचता येत नसेल तर चित्रं काढा. दोन, मालकाने शब्द द्यायचा की लहान अपघात स्वतःहून सांगितला तर पगार कापणार नाही, लपवला तर कापेन. ह्याने मालकाचे दुरुस्तीचे काही हजार जातील, पण एक दिवस त्याची गाडी ठाण्यासमोर उभी सापडेल, फरार नाही. तीन, लहान अपघातानंतर त्या पोराला आठवडाभर एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या बाजूला बसवा. शिक्षा म्हणून नाही, उजळणी म्हणून. निवृत्त उस्ताद भंडाऱ्यात गल्लोगल्ली आहेत.

आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे कार आणि बाईकवाल्यांसाठी. ट्रकने आपल्या गाडीला ओरखडा काढला आणि ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला, तर आधी हात उचलू नका. नाव-पत्ता विचारा, तो तुमचा हक्क आहे, आणि कायद्याप्रमाणे आपलाही द्या. तो पोरगा त्या क्षणी शाळेत बसलाय, आणि मास्तर तुम्ही आहात.

असो, फार लांबलं. सोमवारी रिलीज आहे, झोपायला हवं. तुमच्याकडे कोणी जुने ड्रायव्हर असतील तर त्यांना काकांना विचारला तोच प्रश्न विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा.